अडीचची वायर आणि माझी सही

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'आपले अनुभव' या कार्यक्रमातील भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून वक्त्यांनी ते लिहून दिले आहे.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी बोललेल्यांनी गणेशोत्सवाच्या आठवणी सांगितल्या, कोजागरीच्या सांगितल्या, पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून गच्चीवर केलेल्या हुरड्याची सांगितली. मी मात्र आज तुम्हाला वायरबद्दल सांगणार आहे. हसू नका. बोअरच्या मोटरला कोणत्या मापाची वायर लावावी, हा माझा विषय आहे. कॉमर्सचा पदवीधर, चौतीस वर्षं बँकेत नोकरी, आणि हा माणूस वायरबद्दल काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. बरोबरच आहे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच ही गोष्ट घडली.

नवीन राहायला आलेल्या कुटुंबांसाठी थोडं मागचं सांगतो. आपल्या सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे सांगायला नको. कधी तीन दिवसांआड, कधी चार, उन्हाळ्यात त्याहून जास्त. २०१२चा पाऊस गेला आणि २०१३च्या उन्हाळ्यात आपली जमिनीखालची टाकी तळाला लागली. सभा झाली आणि बोअर घ्यायचं ठरलं. मी २०११ला निवृत्त झालो होतो. 'काका, तुम्ही बँकेतले, खजिनदार तुम्हीच' असं म्हणून सगळ्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं होतं.

सी विंगच्या मागे कोपऱ्यात पाणी लागलं. दोनशे फुटांवर मोटर सोडायची ठरली, दोन हॉर्सपॉवरची, सिंगल फेज. तेव्हा आपल्या कॉमन मीटरवर सिंगल फेजच होतं. मीटर रूम पुढे गेटजवळ, बोअर पार मागे. एवढं चित्र लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या अंतरावर आहे.

तीन कोटेशन्स मागवली. बँकेतली सवय. सगळ्यात वरच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं, 'सहा स्क्वेअर एमएम तांब्याची केबल, अमुक मीटर, अमुक दर'. सगळ्यात खालच्यात एकच ओळ होती, 'वायरिंग कंप्लीट, लमसम'. दोघांत फरक ९,४०० रुपयांचा. मोटर दोघांची सारखीच, कंपनीही तीच. मी म्हटलं, मोटर तीच, पाणी तेच, मग नऊ हजार वायरीत का घालायचे? वायर ती वायर. सभेत मी हे वाक्य बोललो आणि टाळ्याही मिळाल्या. इतिवृत्तात 'खजिनदारांच्या दक्षतेमुळे बचत' असं लिहिलेलं आहे. ते पान मी आज घेऊन आलो आहे.

खालच्या कोटेशनवाल्यानं अडीचची वायर टाकली. अडीच म्हणजे आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर. घरात आपण सोळा अँपिअरच्या प्लगला वापरतो तीच.

पहिले काही महिने छान गेले. २०१४च्या एप्रिलमध्ये मोटर जळाली. पाइप वर काढा, मोटर काढा, रिवाइंडिंग करा, परत सोडा, सगळे मिळून ७,५०० रुपये. मिस्त्री म्हणाला, 'साहेब, व्होल्टेज कमी असतंय तुमच्याकडं.' आम्ही मान डोलावली. २०१५ला परत जळाली, तेव्हा ८,२०० लागले. मधल्या काळात पॅनेलमधले कपॅसिटर चार वेळा गेले. उन्हाळ्यात एमसीबी सारखा पडायचा. पहाटे सहाला मोटर लावली की साडेसहाला एमसीबी खाली. चौथ्या मजल्यावरून फोन यायचे, 'काका, पाणी नाही.' शेवटी वायरमनला बोलावलं. त्यानं सोळाचा एमसीबी काढला, बत्तीसचा बसवला, आणि पॅनेलमधला ओव्हरलोड 'डायरेक्ट' करून टाकला. दहा मिनिटांत काम झालं. मी त्याचे दोनशे रुपये दिले आणि मनात म्हटलं, बघा, किती सोपं होतं.

आता मामांबद्दल सांगतो. आपले वॉचमन मामा. तेव्हा मोटर चालू-बंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यासाठी एक वही होती. मोटर किती वाजता लावली, किती वाजता बंद केली, टाकी किती भरली. दर शनिवारी मी ती वही बघून खाली सही करायचो. बँकेत पस्तीस-चाळीस व्हाउचरवर एका दमात सह्या करायची सवय असते. हात चालतो, डोळे चालतातच असं नाही.

मामा मला दोनदा म्हणाले होते, 'साहेब, जिन्याखालचा पाइप हाताला गरम लागतोय.' मी म्हटलं, 'मामा, उन्हाळा आहे. सोलापुरात सगळंच गरम लागतं.' त्यावर ते काही बोलले नाहीत.

मे २०१६. पारा त्रेचाळीसच्या पुढे. पहाटे मोटर लावली, पण वाळू अडकून ती खाली जाम झाली. मोटर जाम झाली की फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि करंट तीन-चार पट ओढत राहते. बी विंगच्या जिन्याखाली, जिथे जिन्याच्या दिव्यांच्या वायरी आणि मोटरची वायर एकाच पाइपमधून जायच्या, तिथे पाइप वितळून धूर यायला लागला. खाली तुमची-आमची रद्दी रचलेली, दोन स्कूटर उभ्या. मामांनी आधी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, मग पेटायला लागलेली रद्दी हातांनी ओढून बाहेर काढली. त्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. वर चोवीस कुटुंबं झोपलेली होती आणि बाहेर पडायला जिना तो एकच.

त्याच दिवशी संध्याकाळी तातडीची सभा झाली. आणि त्या सभेत काय झालं, ते सांगायलाच मी आज उभा आहे. एक जण म्हणाले, मोटर लावून हा माणूस झोपला असणार. दुसरे म्हणाले, लक्ष ठेवायचा पगार घेतो ना, मग अर्धा पगार कापा. मी खजिनदार. पाइप गरम लागतो हे मामांनी मला सांगितलं होतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी गप्प बसलो.

तेव्हा सी विंगमधले आपले अभियंता काका उठले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, आता मुलाकडे बंगळुरूला असतात. ते कधी सभेत फारसं बोलायचे नाहीत. ते म्हणाले, 'पगार कापायचा ठराव उद्यावर ठेवा. आधी मला मोजू द्या.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं. हातात एक मीटर, एक टेप, एक कागद. त्या सकाळी मी जे शिकलो, ते चौतीस वर्षांत कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलो नव्हतो. ते मी जसं समजलो तसं सांगतो.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला, 'वायर किती लांब आहे?' मी म्हटलं, मीटर रूमपासून बोअरपर्यंत साठ मीटर असेल. ते म्हणाले, 'आणि बोअरच्या आत?' मी गप्प. दोनशे फूट म्हणजे आणखी साधारण साठ मीटर. वीज आडवी गेली काय आणि उभी गेली काय, तिला सारखंच. म्हणजे एकशेवीस मीटर. आणि करंट जातो तसा परतही येतो, म्हणून हिशेबाला दोनशे चाळीस मीटर तांबं.

दुसरा प्रश्न, 'मोटर करंट किती घेते?' मोटरच्या नावपट्टीवर अकरा अँपिअर लिहिलेलं. पॅनेलवरच्या जुन्या नोंदीत मात्र चालू मोटरला चौदा दिसत होते.

मग त्यांनी कागदावर एक हिशेब मांडला. हा हिशेब सहावीतल्या मुलालाही येईल, म्हणून पुढे बसलेल्यांनी लक्ष द्या. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा अवरोध सुमारे ०.०१८ ओहम. तार लांब केली की अवरोध वाढतो, जाड केली की कमी होतो. नळाला लावलेल्या पाइपसारखंच. पाव इंची पाइप दोनशे मीटर ओढली, तर पलीकडे पाण्याला जोर राहत नाही. तर,

२ × १२० मीटर × १४ अँपिअर × ०.०१८ ÷ २.५ = सुमारे २४ व्होल्ट.

हे चोवीस व्होल्ट वायरीतच खर्च होत होते. मोटरपर्यंत पोचतच नव्हते.

मी म्हटलं, 'पण बोर्डावरच्या मीटरवर तर २१५ दाखवतं. म्हणजे व्होल्टेज बरं आहे.' ते हसले. म्हणाले, 'बोर्ड कुठं आहे? मीटर रूममध्ये. तुम्ही गेटवर उभं राहून मागच्या घरातल्या माणसाला भूक लागली का ते ठरवताय.' २१५मधून साठ मीटरमध्ये बारा गेले, बोअरच्या तोंडाशी २०३. आणखी साठ मीटरमध्ये आणखी बारा, मोटरच्या अंगाला १९१. मोटर बनवलेली २३०साठी.

इथे दुसरी गोष्ट कळली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कमी व्होल्टेज मिळालं की दिवा नुसता मंद होतो. मोटर तसं करत नाही. तिला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून ती जास्त करंट ओढते. अकराचे चौदा त्यामुळेच. करंट वाढला की वायरीतली घट आणखी वाढते, मोटरला आणखी कमी मिळतं, ती आणखी तापते. जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज काढणारे खातेदार मी बँकेत पाहिले होते. ही मोटर तशीच होती.

आणि सुरू होताना तर आणखी वाईट. मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १९१ म्हणजे २३०च्या ८३ टक्के, त्याचा वर्ग केला की ६९ टक्के. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. शिवाय सुरू होताना करंट तीन-चार पट, त्यामुळे त्या क्षणी वायरीतली घटही तितक्याच पटीनं. मोटर उठायलाच वेळ लावणार, तेवढा वेळ कपॅसिटर तापणार, एमसीबी पडणार. आमचे कपॅसिटर का जात होते, त्याचं उत्तर हे होतं.

मग त्यांनी तीन मापं पडताळून दाखवली, मोटरच्या खऱ्या करंटवर, म्हणजे अकरा अँपिअरवर. अडीचच्या वायरीत घट १९ व्होल्ट. चारच्या वायरीत सुमारे १२. सहाच्या वायरीत ८च्या आत. मोटरसाठी घट पाच टक्क्यांच्या आत ठेवायची, २३०चे पाच टक्के म्हणजे साडेअकरा. चारची वायर अगदी थोडक्यात नापास. तार तापली की अवरोध आणखी वाढतो, तेव्हा काठावर पास करण्यात अर्थ नाही. सहाची पास. तीन वर्षांपूर्वी वरच्या कोटेशनमध्ये जे लिहिलं होतं, तेच.

मी विचारलं, 'पण अडीचची वायर तर अकरा अँपिअर सहज झेपते म्हणतात?' ते म्हणाले, झेपते, जवळ असेल तर. मोटर मीटर रूमच्या भिंतीला लागून असती, तर अडीचची पुरली असती. म्हणून वायर निवडताना दोन वेगळे प्रश्न विचारायचे. एक, एवढा करंट वाहून ही वायर तापणार तर नाही ना? इथे मोटरच्या करंटची सव्वापट धरायची. शिवाय सोलापूरचं ऊन, एका पाइपमध्ये कोंबलेल्या पाच-सहा वायरी, यांनी वायरची क्षमता कमी होते तेही धरायचं. आणि दोन, एवढ्या लांबीवर किती व्होल्ट गळणार? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आली, तर त्यातलं मोठं माप घ्यायचं. जवळच्या मोटरला बहुधा पहिला प्रश्न माप ठरवतो, लांबच्या मोटरला दुसरा. आम्ही एकही विचारला नव्हता.

आता एमसीबीचं. हे मी घरोघरी सांगत फिरावं असं मला वाटतं. एमसीबी मोटरसाठी किंवा गिझरसाठी लावतात असा माझा समज होता. तो मुळात वायरीसाठी असतो. वायरीला झेपेल त्याच्या वर करंट गेला, तर तिला वाचवायला तो पडतो. जाम झालेली मोटर त्या दिवशी चाळीसच्या आसपास अँपिअर ओढत असणार. सोळाच्या एमसीबीवर हा अडीच पट भार, तो साधारण मिनिटभरात पडला असता. बत्तीसच्या एमसीबीला हा भार फक्त सव्वापट. एवढ्याशा जादा भाराला एमसीबी बराच वेळ सोसतो. दीडपटीच्या जवळ भार गेला, तरी तासाभराच्या आत पडला म्हणजे तो नियमात बसतो. तेवढ्या वेळात त्या वायरीत किती उष्णता तयार होत होती, तेही काकांनी काढून दाखवलं. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. एकूण आकडा आला पावणेतीन किलोवॉट. एका मोठ्या गिझरपेक्षा जास्त, त्या एवढ्याशा वायरीत. प्लॅस्टिक वितळलं यात नवल नव्हतं.

म्हणजे बघा, सोळाचा एमसीबी दोन वर्षं ओरडून सांगत होता की इथे काहीतरी चुकतंय. आम्ही त्याचं तोंड बंद केलं.

मोजणी संपली तेव्हा काका म्हणाले, 'मोटरची वही आहे का? किती वेळ चालायची ते बघू.' मी वही आणून दिली. त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर थांबले. मला दाखवलं. मामांच्या मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलेलं, 'मोटर चालू ६.१०, बंद ८.४०. जिन्याखाली वायर गरम लागते.' पुढच्या आठवड्यात पुन्हा, 'वायर गरम.' आणखी दोन आठवड्यांनी, 'पाइप फार गरम, साहेबांना सांगितले.'

तिन्ही पानांच्या खाली माझी सही. तारखेसकट.

मित्रहो, बँकेत सहीला अर्थ असतो. सही म्हणजे मी हे वाचलं, मला मान्य आहे, याची जबाबदारी माझी. कॅशियरची दहा रुपयांची चूक मी कधी सोडली नव्हती. माणसांनी वापरायच्या जिन्याखाली वायर तापते असं लिहिलेलं आणि त्याखाली मी सही केलेली.

काकांनी सभेला हिशेबाचा कागद दाखवला. पगार कापायचा विषय तिथेच संपला. वहीबद्दल ते सभेत एक शब्द बोलले नाहीत. ते त्यांनी माझ्यावर सोडलं असावं. मी मात्र त्या वर्षीच्या अहवालात लिहिलं, 'तांत्रिक बिघाडामुळे वायरिंगचे नुकसान झाले.' भाषा शुद्ध होती. खरी नव्हती.

आता खजिनदाराचा शेवटचा हिशेब. वायरीत वाचवले ९,४०० रुपये. त्यापायी गेलेले असे. दोन रिवाइंडिंग १५,७००. कपॅसिटर १,२००. जाम झालेली मोटर वायर जळताना गेलीच, नवीन मोटर आणि ती बसवणं १९,५००. त्या काळात मागवलेले बावीस टँकर, सातशे रुपयांनी १५,४००. जिन्याचं वायरिंग ६,८००. बेरीज ५८,६००. आणि सहाची केबल शेवटी घ्यावी लागली ती वेगळीच. याशिवाय मोटर सहा तास चालली की रोज दोन युनिट वीज नुसती वायर तापवण्यात जायची. आता तेच अर्ध्या युनिटवर आलं आहे. पातळ वायर म्हणजे भांडवल कमी घालून रोज व्याज भरत बसणं. हे मला, बँकेतल्या माणसाला, कळायला हवं होतं.

नवीन वायरिंग केल्यानंतर कोणता एमसीबी लावला असेल? तोच सोळाचा. आज नऊ वर्षं झाली, एकदा मोटर पुन्हा जाम झाली तेव्हा तो पडला आणि त्यानं आपलं काम केलं. एरवी पडत नाही.

हे सगळं आजच सांगायचं कारण आहे. पुढच्या सभेत लिफ्टचा विषय येतो आहे. कॉमन मीटर थ्री फेज होईल. काही तरुण मंडळींना पार्किंगमध्ये गाडी चार्ज करायला पॉइंट हवे आहेत. हे सगळे लांबवरचे, जड लोड आहेत. मी आता कार्यकारिणीत नाही, पण चार गोष्टी मागून ठेवतो.

कोटेशनमध्ये 'लमसम वायरिंग' असं लिहिलेलं असेल, तर ते कोटेशन परत पाठवा. वायर किती स्क्वेअर एमएमची, तांब्याची की ॲल्युमिनियमची, किती मीटर, अर्थिंगची वायर केवढी, हे लिहून मागा. ॲल्युमिनियम असेल तर तेवढ्याच कामाला माप साधारण दीडपटीहून जास्त लागतं, म्हणून नुसते दर शेजारी ठेवून तुलना करू नका.

वायर बाहेरून जाड दिसते यावर जाऊ नका, वरचं प्लॅस्टिकही जाड असू शकतं. वायरीवर माप आणि आयएसआयचा शिक्का छापलेला असतो, तो वाचा. जुने वायरमन अजून ३/२०, ७/२० असे गेजचे आकडे बोलतात. त्यात पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा तारेचा गेज, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. मी कित्येक वर्षं उलटं समजत होतो. ७/२० म्हणजे साधारण साडेचार स्क्वेअर एमएम. शंका आली तर सरळ स्क्वेअर एमएममध्ये विचारा.

लांबी मोजताना वर-खाली, वळणं, सगळं धरा. बोअरची खोली तर धराच.

आणि एमसीबी पडत असेल, तर का पडतो ते शोधा. कुणी 'मोठा टाकून देतो' म्हणालं, तर आधी विचारा, 'वायर किती स्क्वेअर एमएमची आहे?' हे आपापल्या घरातही विचारा. गिझर, एसी, सगळ्याला हेच लागू आहे.

पाचवी गोष्ट वायरीबद्दल नाही. रोज जो माणूस मोटर लावतो, झाडू मारतो, टाकी धुतो, त्याचा हात त्या वस्तूला लागत असतो. आपला लागत नाही. तो 'गरम लागतंय' म्हणाला, तर उठून जा आणि हात लावून बघा. मला खाली उतरून जिन्याखाली जायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं.

मामा चार वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. रौप्यमहोत्सवाला आपण त्यांना सपत्निक बोलावलं आहे. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मामा, बसून राहा, उठू नका. २०१६च्या त्या सभेत तुम्ही दाराशी उभे होता, हाताला पट्ट्या होत्या आणि मी खुर्चीवर गप्प बसलो होतो. तुम्ही मला सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं. मी वाचलं नाही, आणि वाचलं तेव्हा बोललो नाही. चूक तुमची नव्हती, माझी होती. या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.

अध्यक्षांना माझी एक विनंती आहे. ती वही अजून ऑफिसच्या कपाटात आहे, मी कालच पाहिली. 'खजिनदारांच्या दक्षतेमुळे बचत' असं लिहिलेल्या इतिवृत्ताच्या शेजारी तीही जपून ठेवावी. पुढच्या खजिनदाराला दोन्ही एकदम वाचायला द्यावीत.

पंधराच्या ऐवजी वीस मिनिटं घेतली, त्याबद्दल क्षमस्व. जेवणाची वेळ झाली आहे, मागून शेंगाचटणीचा वास येतो आहे. तेव्हा थांबतो.